ओट्यावरची मुलाखत

मुलीची बी.एस्सी. संपली त्या महिन्यात आमच्या घरात कुणी पोटभर जेवलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, चार भांडी आपटून माणूस मोकळं होतं. पण सगळे गप्प होते. गप्प बसण्यात घरात मी पहिली, आणि माझ्या मागून माझी मुलगी.

ती सांगलीला शिकली. कवठे महांकाळच्या स्टँडवरून सकाळची एस.टी. धरायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. विषय दोन घेतले होते, फिजिक्स आणि कॉम्प्युटर, आणि शेवटपर्यंत दोन्ही धरून ठेवले. मी चौथीपर्यंत शिकले. कॉम्प्युटर निदान डोळ्यांना दिसतो. मी कामाला जाते त्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात एक आहे, त्यातून मालाच्या पावत्या निघतात. फिजिक्स कुठे दिसत नाही. एकदा तिला विचारलं तर म्हणाली, "आये, तुमच्यातली चाळण हालती तवा दाणं कसं वर-खाली व्हत्यात, ते फिजिक्स." मला वाटलं, आईला काय कळणार म्हणून टाळतेय.

टाळत नव्हती, हे मला पुढे कळलं.

आमचं काम बेदाण्याचं. वाळवून तयार झालेला बेदाणा कोल्ड स्टोरेजला येऊन पडतो आणि वर्षभर लागेल तसा बाहेर निघतो. मशिनची लांब चाळण थरथरत असते. तिच्यावरून लहान-मोठा माल वेगळा होऊन पट्ट्यावर येतो, आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना आम्ही बायका बसून काड्या आणि काळे दाणे उचलतो. आवाज एवढा की बोलायचं तर ओरडावं लागतं. मला ते बरं पडतं. न बोलणाऱ्या बाईकडे तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

निकाल लागला आणि 'पुढं काय' सुरू झालं. माझे दीर मिलिटरीतून सुभेदार होऊन रिटायर झालेत, त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. मुलीचे वडील मेंढरं घेऊन वर्षातला निम्म्याहून जास्त काळ बाहेर. त्यामुळे शाळा, दाखले, बँक, सगळं दीरच बघत आलेत. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मोटारसायकलवर बसवून तिला सांगलीला घेऊन गेले तेही तेच. मुलगी त्यांना नाना म्हणते. नानांचं मन वाईट नाही. मनात एकदा नकाशा काढला की मग ते रस्ता बदलत नाहीत, एवढंच.

"कॉम्प्युटर लाइन सेफ हाय," ते म्हणाले. "सांगलीतच एम.एस्सी. कॉम्प्युटर कर, न्हाई तर एम.सी.ए. दोन वरसं रगडायचं आन पुण्यात कंपनी धरायची. फिजिक्स करून काय व्हनार? मास्तरीन? आन मास्तरांची भरती कवा निघनार, तुझ्या नातवाच्या बारशाला?"

"नाना, फिजिक्स म्हंजे निस्ती मास्तरकी नसती."

"मग काय असती? सांग की. मी ऐकतोय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तव्यावरच्या भाकरीकडे बघितलं.

सांगलीच्या तिच्याच कॉलेजात एम.एस्सी. कॉम्प्युटरची यादी लागली होती आणि तिचं नाव वरच होतं. शनिवारपर्यंत मूळ कागद नेऊन दिले की जागा पक्की. कोल्हापूरला फिजिक्सची एम.एस्सी. होती, पण ती कॉम्प्युटर सोडायला तयार नव्हती. या सगळ्याच्या मागे आणखी एक वाट होती, जी तिनं फक्त मला सांगितली होती. स्टँडवर एस.टी.ची वाट बघताना, रस्त्याकडे तोंड करून.

दक्षिणेत लांब एक मोठी संशोधनाची संस्था आहे. तिथे दोन्ही विषय एकत्र चालतात. कॉम्प्युटरवर फिजिक्सच करायचं. तिनं हिवाळ्यात तिथली परीक्षा दिली होती, ती पास झाली होती, आणि आता मुलाखत होती. घेतलं तर पाच-सहा वर्षं तिथेच राहायचं, थेट डॉक्टरेट होऊन बाहेर पडायचं. तिथल्या राहण्या-खाण्याचं ते बघतात.

"आन नोकरी?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई, आये. लागंल. पर तेच्यासाठी जायाचं न्हाई."

"मग?"

"मला ते करायचं हाय म्हनून."

एस.टी. आली आणि ती चढून गेली. नंतर दिवसभर पट्ट्यावर माझे हात चालत होते आणि डोक्यात एकच: पाच-सहा वर्षं. खरं सांगायचं तर मलाही सांगलीच हवी होती. माझं कारण नानांचं नव्हतं. संध्याकाळी मी कामावरून सुटते आणि फाट्यावर थांबते. एस.टी. थांबते, ती उतरते, आम्ही दोघी घरापर्यंत चालत जातो. बोलत नाही फारसं. दिवसभरातलं मला हवं असलेलं तेवढंच असतं. हे मी तिला सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही ते बरंच केलं.

मुलीच्या वडिलांना अजून काही माहीत नव्हतं. ते तेव्हा उंब्रजच्या बाजूला होते, पाऊस लांबला म्हणून मेंढरं अजून परत फिरली नव्हती. आमच्यात खतासाठी मेंढरं रात्रीची रानात बसवायची तर शेतकरी येऊन विचारतो, आणि धनगर 'येतो' म्हणतो. कागद नसतो. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी यांच्याबरोबर फलटणकडे वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर होते. यांनी एका माणसाला शब्द दिला होता. त्याचं रान दगडाळ, पाणी लांब. वाटेत दुसरा भेटला, त्याचं उसाचं रान, विहीर कडेला, हिरवा पाला हवा तेवढा. माझे पाय सुजले होते, मी मनात म्हटलं, इथंच बसू दे. हे त्या माणसाला म्हणाले, "एका रातीला दोन रानं कबूल करत न्हाईत," आणि पुढे चालायला लागले. त्या दिवशी मला फार राग आला होता.

मुलाखत लॅपटॉपवर होणार होती. आमच्याकडे दुपारची लाईट असेलच असं नाही, आणि नेट तर मर्जीवर. नानांच्या घरी वायफाय होतं, पण तिथे बसलं की त्यांना सांगावं लागलं असतं. मुलगी म्हणाली, "तुमच्या कोल्ड स्टोरेजच्या हापिसात व्हईल का? तिथं लाईट जात न्हाई." पण त्यासाठी मला कुणाला तरी विचारावं लागणार होतं.

आमच्यावर एक मुकादम बाई आहेत. वयानं मोठ्या, सगळ्या त्यांना मावशी म्हणतात आणि सगळ्या त्यांना टरकतात. मी त्यांच्याजवळ जायचे, तोंड उघडायचे आणि पदर सारखा करून माघारी यायचे. शेवटी त्याच म्हणाल्या, "काय गं, उंदरावानी का फिरायलीस? रजा पायजे का दवाखाना हाय?"

मी सांगितलं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही.

"परीक्षा हाय?"

"मुलाखत. लांबची. हितं बसून."

"लांबची, आन हितं बसून," मावशी म्हणाल्या. "बरं. शेठला मी सांगती. मशिन बंद ठिवू तेवढा वेळ. पर पोरगी पास झाली न्हाई तर तिला बी पट्ट्यावर बशीव माझ्याफुडं."

त्या दिवशी शेठ सांगलीला सौद्याला गेले होते. ऑफिसला काचेची भिंत आहे, पट्ट्यावरून आतलं सगळं दिसतं. मुलगी आत बसली, डोक्याला तेल लावून, कॉलेजच्या समारंभाचा ड्रेस घालून. मावशींनी हात वर केला आणि मशिन थांबलं. मी त्या शेडमध्ये इतकी वर्षं काम करतेय, पण एवढं शांत कधी ऐकलं नव्हतं. बायकांनी हात मांडीवर ठेवले. कुणी खोकलं तरी मावशी डोळे वटारायच्या.

काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. इंग्रजी. शब्द कळत नव्हते, पण आपल्या पोराचा आवाज कधी धीर धरून आहे आणि कधी नुसता चालतोय, हे कळायला भाषा लागत नाही. सुरुवातीला चालत होता. मग हळूहळू तिचा खांदा खाली आला. ती हातानं काही दाखवायला लागली, चाळणीसारखं, आणि मला जरा बरं वाटलं.

बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाच्या खोलीचा पंखा तेवढा घरघरत राहिला होता. तो कुणी बंद केला नव्हता. जतकडून नवीन कामाला आलेली एक बाई होती, अगदी बोर्डाजवळ बसलेली. तिला वाटलं, हा आवाज पोरीला आड येत असेल. उठली, बोर्डाजवळ गेली, आणि तिथला सगळ्यांत मोठा खटका होता तो दोन्ही हातांनी खाली ओढला.

पंखा थांबला. ऑफिसातला दिवाही गेला.

"आता कसं, शांत वाटतंय," ती म्हणाली.

मुलगी काचेपलीकडे उभी राहिली होती. तिचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. ती दाराशी आली आणि एवढंच म्हणाली, "आये, गेलं."

मावशी त्या बाईवर ओरडल्या ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. कुणीतरी खटका वर ढकलला तर बोर्डातून ठिणगी उडाली आणि जळल्याचा वास सुटला. वायरमनला फोन लावला, तो सलगऱ्याच्या पुढे कुठेतरी होता. नवीन बाई रडायला लागली. "मला वाटलं पोरीला ऐकू येईना आसंल," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

लॅपटॉपला बॅटरी होती, नेट नव्हतं. मुलीच्या फोनला शेडच्या पत्र्याखाली रेंज येत नाही. माझ्या फोनला येते, पण फक्त माल चढवायच्या ओट्यावर, कोपऱ्यातल्या खांबाजवळ, आणि तीही हात वर केला तर. घरून फोन आला की मी तिथेच जाऊन उभी राहते, म्हणून मला माहीत होतं.

मी तिचा हात धरला आणि ओट्यावर नेलं. आमच्या मागून बायकांनी बेदाण्याचे खोके उचलून आणले, एकावर एक ठेवले, त्यावर लॅपटॉप. तिला बसायला रिकामा क्रेट. मला उभं राहायला दुसरा क्रेट. माझ्या फोनवर तिनं काहीतरी चालू केलं आणि मी तो वर धरला. क्रेट डुगडुगत होता म्हणून दुसरा हात खांबाला.

"हलू नगंस, आये."

"न्हाई हलत."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती स्क्रीनकडे बघत होती आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरत होतं. मला वाटलं, आटपलं. ते कशाला थांबतील, त्यांच्याकडे रांग असेल पोरांची. मग एकदम माणसांचे आवाज आले आणि मुलगी पुढे झुकून भराभर बोलायला लागली. लाईट गेली, माफ करा, असंच काहीतरी असणार.

वारा होता. पदर डोक्यावरून घसरला आणि मला तो सावरता येईना, कारण एक हात वर, एक खांबाला. परक्या पुरुषांसमोर माझं डोकं कधी उघडं पडलेलं नाही. लॅपटॉपच्या चित्रात मी तिच्या मागे दिसत होते, बारीक, पण दिसत होते. खाली उतरून लपावं असं वाटत होतं. हात खांद्यापासून भरून आला.

त्यांनी तिला काहीतरी विचारलं. तिनं आजूबाजूला बघितलं, मग ओट्यावरच्या उघड्या क्रेटमधून न निवडलेला माल स्टीलच्या डब्यात भरला आणि लॅपटॉपसमोर धरून हलवायला लागली. तेव्हा मला चाळणीचं तिचं बोलणं आठवलं. डबा हलवला की मोठे दाणे वर येतात, बारीक खाली जातात; कुठल्याही बाईला हे माहीत असतं, सुपात धान्य घेणाऱ्या कुणालाही. तिनं कॉलेजात याच्यावर काहीतरी करून कॉम्प्युटरवर दाखवलं होतं. तिला तेच डोळ्यांदेखत दाखवायचं होतं.

दाणे वर आलेच नाहीत. तिनं पुन्हा हलवलं. त्यांचा गोळा झाला, मोठे बारीक सगळे एकमेकांना धरून. तो माल सकाळीच धुतलेला होता, पुरता सुकलेला नव्हता.

माझ्या मागे सगळ्या बायका माना उंचावून उभ्या होत्या. मुलगी डब्यात बघत राहिली. मग हळू बोलली. नंतर घरी तिनं मला मराठीत सांगितलं काय बोलली ते: की हे दाणे ओले आहेत, चिकटतात, आणि मी जे करून दाखवलं त्यात दाणा कोरडा आणि गुळगुळीत धरला होता, चिकटणारा दाणा मी धरलाच नाही, तो धरला तर काय होतं हे मला माहीत नाही, मला ते बघायचं आहे. तिकडून कुणी काही बोललं नाही. नेट गेलं की काय म्हणून मी हात आणखी वर केला.

मग एका बाईंचा आवाज आला, मराठीत. शहरातलं मराठी.

"मागे कोण उभं आहे? आई आहेत का तुझ्या?"

"हो मॅडम. तिच्या फोनवर नेट चालू आहे."

"नमस्कार, आई. याला मार्क नाहीत, मी आपली विचारते. हे पाच-सहा वर्षांचं काम आहे. बऱ्याच मुली येतात आणि मधेच घरून बोलावणं येतं, अर्धवट सोडून जातात. तुमच्या घरी हे सगळं माहीत आहे ना?"

मुलीनं मागे वळून बघितलं नाही. तिची मान एकदम ताठ झाली, शाळेत असताना मार खायच्या आधी व्हायची तशी.

मी मान हलवली.

"आई, इथे चित्र अडकलंय," त्या बाई म्हणाल्या. "तुम्ही मान हलवली असेल तर आम्हाला दिसत नाही. तोंडानं सांगा."

मी आयुष्यातली बहुतेक उत्तरं मान हलवून दिलीत. लग्नालाही मान हलवूनच हो म्हटलं. त्या क्रेटवर उभी राहून मला दिसत होते ते नाना, जे संध्याकाळी विचारणार होते. आणि हे, ज्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि फाट्यावर थांबलेली एस.टी., जिच्यातून कुणी उतरत नाही. न बोलता उभी राहिले असते तरी चाललं असतं. नेट गेलं म्हणून सोडून दिलं असतं त्यांनी. हात जरा खाली घेतला असता तरी पुरलं असतं.

"तिला जायाचं हाय," मी म्हणाले. आवाज घशातच राहिला. मी पुन्हा बोलले, आणि या वेळी मशिन चालू असताना बोलावं तसा आवाज निघाला. "तिला जायाचं हाय. आमी धाडनार. मधनं बोलावनार न्हाई."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "थँक यू, आई."

थोड्या वेळानं मुलीनं लॅपटॉप मिटला. मी क्रेटवरून उतरले तर हात खाली येईना, मावशींनी धरून खाली आणला.

"येवडा आवाज व्हता तर इतकी वरसं कुठं दडवून ठिवला व्हतास?" त्या म्हणाल्या. "आता रोज तुलाच हाका मारायला लावती. माजा घसा वाचंल."

बायका हसल्या. नवीन बाईनं मुलीच्या हातात मूठभर बेदाणा ठेवला, चांगला, निवडलेला. मुलगी हसली नाही. चालताना तिनं मला विचारलं, "आये, तू खरंच म्हनालीस का? का त्यांनी इचारलं म्हनून?"

"म्हनाले ते म्हनाले," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

नानांना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"सिलेक्शन झालं?"

"निकाल लागायचाय."

"मग ठीक हाय. शनिवारी सांगलीची सीट पक्की करू. तिकडं झालं तर हितलं क्यान्सल. फौजेत रिझर्व्ह ठिवल्याशिवाय कोन पुढं जात न्हाई."

हे बरोबरच होतं. सगळे असंच करतात, मुलीनंही सांगितलं, तिच्या वर्गातली पोरं दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी नाव लावून बसली होती. पण आतून काहीतरी टोचत होतं, आणि दुसऱ्या दिवशी यांचा फोन आला तेव्हा ओट्यावर त्याच खांबाजवळ उभी राहून मी सगळं बोलले.

"कुनाला शब्द दिलास?" यांनी विचारलं.

"म्याडमला. तितल्या."

"तू? तोंडानं?"

"व्हय."

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता.

"मला इचारायचं व्हतं," हे म्हणाले.

"तुमी कुठं घावताय."

"त्ये बी खरं." मग म्हणाले, "पोरगी लांब जानार म्हंजे. तुला करमंल?"

मी विषय बदलला.

"भावजी म्हनत्यात, सांगलीची बी जागा धरून ठिवू."

"एका रातीला दोन रानं," हे म्हणाले आणि थांबले. पुढचं म्हणायची गरज नव्हती. "पर ती पोरगी हाय, मेंढरं न्हवंत. तिला ठरवू दे."

शनिवारी आम्ही तिघं सांगलीला गेलो. नानांनी फाईल स्वतःच्या काखेत धरली होती. कॉलेजच्या खिडकीपुढे रांग होती आणि पायरीवर एक मुलगी तिच्या वडिलांबरोबर बसली होती, डोक्याला फेटा असलेले, हातात पाण्याची बाटली. रांगेतल्या प्रत्येकाला ते विचारत होते, "तुमी घेताय का सोडताय?" त्यांच्या मुलीचं नाव यादीत खाली होतं. कुणी सोडलं तरच तिला मिळणार होतं, आणि खिडकी दुपारी बंद होणार होती.

त्यांनी मलाही विचारलं. मी पायाकडे बघितलं.

रांग पुढे सरकत गेली. माझ्या मुलीच्या पुढे दोनच जण राहिले, मग एक. मी तिचा हात धरला. मी तिला म्हटलं, "शब्द माजा हाय. तुज्यावर त्याचं वझं न्हाई. भर, न्हाई तर नगं भरू."

खिडकीतल्या माणसानं हात पुढे केला, कागदांसाठी. नानांनी फाईल उघडली.

"नाना, नगं," मुलगी म्हणाली.

"काय नगं?"

"ही जागा नगं. मी घेत न्हाई."

"अगं, निकाल न्हाई लागला अजून! तिकडं न्हाई झालं तर? वरीसभर घरात बसनार? आईसंगं काड्या निवडनार?"

"बसंन. हितं सही करून तिकडची वाट बघत बसायचं मला जमायचं न्हाई. आन ती बगा, ती पायरीवर बसलीया." तिनं पायरीकडे बोट दाखवलं. "मला ह्येच करायचं न्हाई, नाना. न्हाईच करायचं तर अडवून कशाला ठिवू?"

मागचे लोक कुरकुरायला लागले. खिडकीतला माणूस म्हणाला, "ठरवा हो लवकर." नाना माझ्याकडे वळले. "वयनी, तुमी सांगा हिला. मुलाखत दिल्यापास्नं तुमाला वाचा फुटलीया म्हनं."

"भावजी," मी म्हणाले, "ती म्हनती तसं."

नाना रांगेतून बाहेर पडले. त्यांनी फाईल मुलीच्या हातात दिली, आपटली नाही, हळूच दिली, आणि तेच जास्त लागलं. येताना एस.टी.त नाना पुढच्या सीटवर एकटे बसले. मिरज आलं, मिरज मागे पडलं.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं.

तिनं मला ते कामावर येऊन सांगितलं, मशिन चालू असताना, कानाशी तोंड आणून. मग माझ्या शेजारी पट्ट्यावर बसली आणि काड्या उचलायला लागली. मावशी बघत होत्या. मशिनचा आवाज तेवढा होता म्हणून बरं. नानांनी आमच्याकडे येणं बंद केलं होतं. भिंतीपलीकडून रेडिओ ऐकू यायचा तो त्यांनी बारीक केला, एवढ्यावरून मला कळलं की त्यांच्यापर्यंत पोचलं. हे मेंढरं घेऊन परत आले. यांनी मुलीला काहीच विचारलं नाही, पण त्या दिवसांत रोज तिला बरोबर घेऊन रानात जायचे. मला मात्र झोपताना, उठताना एकच दिसायचं: खिडकीतून पुढे आलेला हात.

दुसरी यादी आली तेव्हा ती घरात एकटी होती. मी फाट्यावरून चालत आले तर दारात नाना उभे, हातात लोखंडी ट्रंक. त्यांची मिलिटरीतली, काळी. झाकणावरचा त्यांचा नंबर त्यांनी पत्र्यानं खरवडून काढला होता, पण काही आकडे अजून दिसत होते.

"रंग द्यायला येळ न्हाई," ते म्हणाले. "आटवड्यात हजर व्हायचंय तिला. कुलूप नवं घ्या."

मी ट्रंकेकडे बघितलं आणि मला कळलं. मला आधी रडू आलं, आनंद नंतर.

मिरजेला तिला गाडीत बसवायला नाना, हे आणि मी, आम्ही तिघंही गेलो. गाडी हलली तेव्हा ती दारात उभी होती आणि मी हात वर करून उभी होते, गाडी दिसेनाशी झाली तरी. यांनी माझा हात खाली आणला.

आता ती तिथे ओल्या दाण्यांचंच काहीतरी करते. चिकटणाऱ्या दाण्यांचं. फोनवर सांगते, मला निम्मं कळतं. संध्याकाळी फाट्यावर एस.टी. थांबते तेव्हा मी अजून बघते, सवय जात नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ओट्यावर जाऊन तिला फोन लावते. ती विचारते, "आये, बरी हाईस न्हवं? करमतंय न्हवं?" मी मान हलवते. पलीकडून काही आवाज येत नाही, ती थांबून असते. मग माझ्या लक्षात येतं, आणि मी तोंडानं सांगते.